पेरुंगुडी : महानगराच्या कडेवरील एक गाव

‘पेरुंगुडी’ हे ग्रामनाम दोन तमिळ पदांच्या संयोगातून सिद्ध झाले आहे. ‘पेरुम्’ म्हणजे थोर, मोठा. आणि ‘कुडी’ म्हणजे कुल, घराणे, व त्यावरून त्या कुलाची वस्ती. कारैक्कुडी, मन्नारगुडी, तूत्तुक्कुडी या नावांच्या अखेरीस हेच पद येते. संस्कृतातील ‘कुटी’ हा शब्दही द्राविडी मूळाचा असावा, असे टी. बरो यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास ‘कुटी’पासून आलेली मराठीतील ‘कुडी’, म्हणजे जीव जिला सोडून जातो ती, पेरुंगुडीतील ‘कुडी’ची दूरची नातलगच ठरते. आसपासच्या गावांची नावेही अशीच बोलकी आहेत. तोरैपाक्कम या नावातील ‘पाक्कम’ मूळात समुद्रकाठच्या वस्तीला उद्देशून वापरले जाई. शोळिंगनल्लूरमधील ‘नल्लूर’ म्हणजे चांगले गाव. वेळच्चेरीतील ‘चेरी’ या पदाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. प्राचीन तमिळमध्ये त्याचा अर्थ नुसती वस्ती किंवा आळी एवढाच होता. पुढे तो संकोचत जाऊन आधुनिक भाषेत ‘ऊर’ म्हणजे सवर्णांचे गाव आणि ‘चेरी’ म्हणजे त्याबाहेरची दलितांची वस्ती असा भेद रूढ झाला. गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे हा भेद मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही.

या सर्व नावांतून वस्तीचे जे चित्र उभे राहते ते लहान, पाण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या गावांचे आहे. आज मात्र ही गावे चेन्नई महानगराच्या दक्षिण भागातील सर्वांत गजबजलेल्या पट्ट्यात मोडतात. पेरुंगुडी हे जुन्या महाबलिपुरम् मार्गावर वसलेले आहे. पूर्वेस बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे बंगालचा उपसागर, पश्चिमेस पळ्ळिकरणै ही विस्तीर्ण पाणथळ, अशी त्याची भूमिस्थिती. २०११ सालच्या ऑक्टोबरपर्यंत ते कांचीपुरम जिल्ह्यातील एका नगर पंचायतीचे गाव होते. त्या महिन्यात चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत नऊ नगरपालिका, आठ नगर पंचायती आणि पंचवीस ग्रामपंचायती अशा बेचाळीस स्थानिक संस्था एकदम विलीन करण्यात आल्या. महापालिकेचे क्षेत्रफळ सुमारे १७४ चौरस किलोमीटरांवरून ४२६ चौरस किलोमीटरांवर गेले. आठ नगर पंचायतींपैकी एक पेरुंगुडी. विलीनीकरणानंतर जी नवी विभागरचना झाली तीत चौदाव्या विभागाला पेरुंगुडीचेच नाव मिळाले. गावाचे स्वतंत्र अस्तित्व संपले, आणि त्याच क्षणी त्याचे नाव पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या भूभागाला लाभले.

विकसनशील देशांतील नगरांच्या वाढीविषयी जे विवेचन सामान्यतः वाचावयास मिळते त्यात आकड्यांचा भार पुष्कळ असतो. त्यांतील थोडे येथे पुरेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार १९५० मध्ये जगातील नागरी लोकसंख्या सुमारे ७५ कोटी होती, ती २०१८ पर्यंत ४२० कोटींवर पोहोचली; आणि पुढील वाढीपैकी सुमारे नव्वद टक्के वाढ आशिया व आफ्रिका या दोन खंडांत होईल असे त्यात म्हटले आहे. भारतात नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९५१ मध्ये १७ टक्क्यांच्या थोडे वर होते, ते २०११ मध्ये ३१ टक्क्यांच्या थोडे वर गेले. मद्रास शहराची वस्ती १९०१ मध्ये पाच लाखांच्या आसपास होती. १९५१ मध्ये ती चौदा लाखांवर गेली.

नगर वाढते ते तीन मार्गांनी. नगरातील जन्मांची संख्या मृत्यूंपेक्षा अधिक असते, हा पहिला मार्ग. खेड्यांतून माणसे नगरात येतात, हा दुसरा. आणि तिसरा, ज्याकडे साहित्याचेच काय पण समाजशास्त्राचेही लक्ष उशिरा गेले तो, असा की माणसे जागची हालत नाहीत, नगरच त्यांच्यापर्यंत येते. ग्रामीण म्हणून नोंदलेली वस्ती एके दिवशी नागरी म्हणून नोंदली जाते. भारतीय जनगणनेने यासाठी ‘जनगणना नगर’ अशी एक कोटी मानली आहे. लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची घनता, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत असणे, हे तिचे निकष होत. अशा गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते, कर गावाचा, रस्ते गावाचे, सांडपाण्याची व्यवस्था बहुधा नाहीच. पण जीवन शहराचे. २००१ मध्ये देशात अशी जनगणना नगरे १,३६२ होती, २०११ मध्ये ती ३,८०० च्या वर गेली. भूगोलतज्ज्ञ टेरी मॅक्गी यांनी आग्नेय आशियातील अशाच प्रदेशांसाठी ‘देसाकोटा’ ही संज्ञा रूढ केली. इंडोनेशियन भाषेत ‘देसा’ म्हणजे खेडे आणि ‘कोटा’ म्हणजे शहर. पहिला शब्द संस्कृत ‘देश’ होय, दुसरा आपला ‘कोट’. भारतीय भाषांतून समुद्रापार गेलेले हे दोन शब्द अशा रीतीने एका पारिभाषिक संज्ञेच्या रूपाने भारतातील खेड्यांचे वर्णन करण्यासाठी परत आले आहेत.

पेरुंगुडीच्या रूपांतराला वेग आला तो २००० नंतर. त्या वर्षी जवळच्या तरमणी येथे ‘टायडेल पार्क’ ही माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायासाठी बांधलेली भव्य इमारत सुरू झाली. पुढील काही वर्षांत जुना महाबलिपुरम् मार्ग सहा पदरी झाला, त्याला राजीव गांधी यांचे नाव देण्यात आले, आणि त्याच्या दुतर्फा काचेच्या इमारतींची रांग उभी राहिली. २००७ च्या नोव्हेंबरात उन्नत रेल्वेमार्ग वेळच्चेरीपर्यंत आला व पेरुंगुडी या नावाचे स्थानक झाले. पुण्याच्या हिंजवडीने हाच अनुभव त्याच सुमारास घेतला आहे. गावाच्या कडेची जमीन स्वस्त, नियंत्रण सैल, आणि महानगर हाकेच्या अंतरावर; या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे नियोजनकार नकाशा पुरा करण्यापूर्वीच इमारती पुऱ्या होतात. चेन्नईची पहिली महायोजना १९७५ ची, दुसरी २००८ ची. मधल्या तेहतीस वर्षांत पेरुंगुडीत जे घडावयाचे ते बव्हंशी घडून गेले होते.

पण पेरुंगुडीची खरी कहाणी रस्त्याच्या कडेने चालत नाही. ती पश्चिमेच्या पाणथळीत आहे. पळ्ळिकरणै ही पाणथळ दक्षिण चेन्नईतील तीसहून अधिक तलावांचे जादा पाणी पोटात घेते. तमिळ देशात तलावाला ‘एरी’ म्हणतात, आणि एका एरीचे पाणी सांडून खालच्या एरीत जावे, तिचे तिच्या खालच्या एरीत, अशी साखळी तेथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके राखली होती. या साखळीचे अखेरचे पात्र म्हणजे पळ्ळिकरणै. तेथून पाणी ओक्कियम मडुवू या ओढ्यावाटे बकिंगहॅम कालव्यात आणि कोवळमच्या खाडीमार्गे समुद्रात जाते. १९६०च्या दशकात सुमारे पाच हजार हेक्टर मानले जाणारे हे क्षेत्र त्यानंतर लहानशा अंशावर आले. त्यातून रस्ते गेले, त्यावर संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, गृहसंकुले उभी राहिली. आणि १९८०च्या दशकापासून त्याच पाणथळीच्या पेरुंगुडीकडील भागात महानगराचा कचरा येऊन पडू लागला. हा उकिरडा वाढत वाढत दोनशे एकरांच्या पुढे गेला.

हे कसे शक्य झाले, याचे उत्तर अंशतः भाषेत सापडते. महसुली दप्तरात अशा जमिनीला ‘पुरम्बोक्कु’ म्हणत. ‘पुरम्’ म्हणजे बाहेर. आकारणीच्या बाहेर ठेवलेली, म्हणजे जिच्यावर कोणा एकाची मालकी नाही व सारा नाही, अशी जमीन. चराईचे रान, तलावाचा काठ, स्मशान, ओढ्याचे पात्र, पाणथळ, हे सारे पुरम्बोक्कु. आपल्याकडील ‘गायरान’ या शब्दात ती जमीन कशासाठी आहे हे तरी सांगितलेले आहे. कोकणी-मराठीतील ‘खाजण’ तर खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात बांध घालून पिकविलेल्या भूमीचे मानाचे नाव होय. पुरम्बोक्कु या शब्दात केवळ नकार आहे. सरकारच्या दृष्टीने जिचे उत्पन्न नाही ती जमीन निरुपयोगी, असा अर्थ वसाहतकालीन महसूल व्यवस्थेत त्याला चिकटला, आणि पुढे चेन्नईच्या बोलीत तो माणसाला उद्देशून द्यावयाची शिवी झाला. निकम्मा, कवडीमोलाचा, तो ‘पोरंबोक्कु’. गावाची सामाईक संपत्ती दर्शविणारा शब्द शिवी बनावा, हे अर्थापकर्षाचे उदाहरण भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे. २०१७ मध्ये गायक टी. एम. कृष्ण यांनी ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गीत कर्नाटक रागसंगीतात गाऊन एन्नोर खाडीच्या निमित्ताने याच शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत देण्याचा प्रयत्न केला. ते गीत शुद्ध ग्रंथिक तमिळमध्ये नसून चेन्नईच्या रस्त्यावरील बोलीत आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

येथे प्राचीन तमिळ काव्यशास्त्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘तोल्काप्पियम्’ने मांडलेली ‘तिणै’ची कल्पना भारतीय साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहेच : डोंगराळ ‘कुरिंजी’, रानाची ‘मुल्लै’, भातशेतीची ‘मरुतम्’, समुद्रकाठची ‘नेय्दल’ आणि वैराण ‘पालै’; प्रत्येक भूमीला तिची झाडे, तिचे पक्षी, तिचे व्यवसाय आणि तिची एक प्रेमावस्था. या चौकटीत पेरुंगुडीची भूमी ठेवू गेल्यास ती मरुतम् आणि नेय्दल यांच्या सीमेवर पडते. भातखाचरांचे पाणी आणि खाडीचे पाणी तेथे भेटत होते. संगम कवींना नगर अपरिचित नव्हते; ‘पट्टिनप्पालै’त कावेरिपूम्पट्टिनमचे आणि ‘मदुरैक्कांची’त मदुरेचे जे वर्णन आहे ते कोणत्याही नगरवर्णनाच्या परंपरेत उठून दिसेल. परंतु नगराला स्वतःची तिणै नाही. ते भूमीवर उभे असते, भूमीचा प्रकार मात्र ठरत नाही. याउलट ‘शिलप्पदिकारम्’मध्ये पालैविषयी जो विचार आहे तो आजच्या नगरकाठाच्या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटतो. पालै ही मुळात निराळी भूमी नाहीच. मुल्लै आणि कुरिंजी सूर्याच्या तापाने आपला स्वभाव हरवून बसल्या म्हणजे त्यांनाच पालैचे रूप येते, असे तेथे प्रतिपादन आहे. पालैची प्रेमावस्था विरहाची. आणि तो विरहही घर सोडून वाट चालणाऱ्याचा. नगरकाठाची भूमीही अशीच स्वभाव हरवलेली भूमी आहे. फरक एवढाच की येथे मरुतम् आणि नेय्दल यांचा पालै झाला आहे, आणि ते काम सूर्याने केलेले नाही.

या विपर्यासाचा सर्वांत स्पष्ट पुरावा पाण्याचा. पाणथळीच्या काठी वसलेल्या या पट्ट्यातील कचेऱ्या आणि गृहसंकुले वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर चालली आहेत. ते पाणी येते भोवतालच्या खेड्यांतील विहिरींतून. भात पिकविण्यापेक्षा विहिरीचे पाणी विकणे अधिक फायद्याचे ठरले, की शेती मागे पडते. शेजाऱ्याची विहीर आटते. आणि शेवटी तेही गाव विक्रीस निघते. मद्रासच्या विकास अध्ययन संस्थेतील एस. जनकराजन यांनी या व्यवहाराचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईला पाणी पुरविणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्या जून महिन्यात या मार्गावरील काही कंपन्यांनी आपल्या नोकरांना घरूनच काम करण्यास सांगितले, आणि जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी आणावी लागली. मिरजेहून लातूरला अशी गाडी २०१६ मध्ये गेली होती. पण लातूर मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण पठारावर आहे, आणि चेन्नईत त्याआधी चारच वर्षांपूर्वी, २०१५ च्या डिसेंबरात, याच दक्षिण भागातील घरांचे तळमजले बुडाले होते. २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसात वेळच्चेरी, पळ्ळिकरणै आणि पेरुंगुडीचा परिसर पुन्हा जलमय झाला. दुष्काळ आणि महापूर ही तेथे दोन संकटे नव्हेत. पावसाळ्यात पाणी साठवून उन्हाळ्यापुरते जमिनीत जिरविणारे पात्रच भरून टाकले, म्हणजे एकाच कारणाची ही दोन ऋतूंतील रूपे दिसू लागतात. मुंबईकरांना २६ जुलै २००५ नंतर मिठी नदी नव्याने सापडली, तीही याच रीतीने.

तमिळ कादंबरीने चेन्नईच्या तहानेची नोंद माहिती तंत्रज्ञानाच्या पुष्कळ आधी केली होती. अशोकमित्रन् यांची ‘तण्णीर’ म्हणजे ‘पाणी’ ही लहानशी कादंबरी १९७३ ची. चित्रपटसृष्टीच्या कडेवर आशेने ताटकळणारी जमुना, तिची बहीण छाया, आणि हंडे-बादल्या घेऊन पंपाभोवती जमणारी एक गल्ली, एवढाच तिचा संसार. यमुनेचे नाव धारण करणाऱ्या बाईला बादलीभर पाण्यासाठी दारोदार हिंडावे लागते, यातील उपरोध लेखकाने कोठेही बोलून दाखविलेला नाही. या कादंबरीत टंचाई ही घटना नसून हवा आहे. माणसे तिच्यात श्वास घेतात, भांडतात, क्वचित एकमेकांना सावरतात. नगराच्या वाढीसंबंधीचे शेकडो अहवाल वाचून जे कळत नाही ते या कादंबरीत कळते : सार्वजनिक व्यवस्था मोडली की तिचा भार घरातील बाईच्या कमरेवर येतो.

याच मार्गावर पेरुंगुडीच्या दक्षिणेस, तोरैपाक्कमनजीक, कण्णगी नगर आहे. २००० च्या सुमारास मध्यवस्तीतील झोपडपट्ट्यांतून, नदीकाठांवरून आणि रस्त्यांच्या कडांवरून उठविलेल्या कुटुंबांसाठी ते वसविण्यात आले. पुढे त्याच दिशेने शेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम येथेही अशाच वसाहती झाल्या. कण्णगी नगरात पंधरा हजारांहून अधिक गाळे आहेत. मध्यवस्तीत कामाच्या ठिकाणापासून चालण्याच्या अंतरावर राहणारी माणसे वीसएक किलोमीटर दूर फेकली गेली. अनेकांची मजुरी सुटली, मुलांच्या शाळा सुटल्या. पुढे हळूहळू त्यांतील काहींना जवळच्या काचेच्या इमारतींत झाडलोट, पहारा आणि वाहन चालविण्याची कामे मिळाली. या वसाहतीला दिलेले नाव मात्र विचार करावयास लावते. ‘शिलप्पदिकारम्’ची नायिका कण्णगी ही स्वतःच आपले नगर सोडून परक्या नगराच्या आश्रयास आलेली. त्या नगराच्या राजाने तिच्या पतीला चोर ठरवून विनाचौकशी वधले, तेव्हा तिने राजसभेत जाऊन पैंजण फोडून न्याय मागितला, आणि मदुरा जाळली. नाव देणाऱ्यांच्या मनात तिचे पातिव्रत्य आणि तमिळ अस्मिता असणार. मरीनावरील तिचा पुतळाही त्याच भावनेने उभारलेला आहे. परंतु नगराकडून अन्याय झालेल्यांच्या वसाहतीला नगराला जाब विचारणाऱ्या स्त्रीचे नाव मिळावे, हा योग सरकारी कागदांत सहसा जुळून येत नाही.

मराठी साहित्यात महानगर आले ते प्रामुख्याने गिरणगावाच्या, चाळीच्या आणि मध्यवस्तीतील झोपडपट्टीच्या वाटेने. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’, नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’, अरुण साधू यांची ‘मुंबई दिनांक’ ही नावे चटकन आठवतात, आणि या सर्वांत नगराचे पोट आहे; कड क्वचितच. अपवाद म्हणून अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेकडे बोट दाखविता येते. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईस येतो, उपनगरातील खाणीत राबतो. खाण बंद पडते, आणि तो मेलेल्यांच्या राखेतून सोने वेचू लागतो. नगर त्याला जिवंतांत काम देत नाही. पेरुंगुडीच्या उकिरड्यावर वर्षानुवर्षे भंगार, प्लॅस्टिक आणि तांबे वेचून पोट भरणारी माणसे भीमाच्याच व्यवसायातील होत. नगराने टाकून दिलेल्यातून मोल शोधणे हाच तो व्यवसाय. देवनारच्या कचराभूमीवरही तो चालत आला आहे, आणि पुण्यानजीकच्या उरुळी देवाची-फुरसुंगी येथील कचरा डेपोच्या परिसरातही. या दोन गावांचे उदाहरण तर पेरुंगुडीच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. शहराचा कचरा ती आधी स्वीकारत होती, शहराच्या हद्दीत ती २०१७ मध्ये आली, आणि पुढे कराच्या व सोयींच्या वादातून ती हद्दीबाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. पेरुंगुडीला असा परतीचा मार्ग मिळालेला नाही. तो तिने मागितला असता तरी मिळता, असे वाटत नाही.

पाणथळीच्या बाबतीत मात्र काही उलटा प्रवास सुरू झाला आहे. २००७ मध्ये तिचे ३१७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून वनखात्याकडे आले. २०२२ मध्ये पळ्ळिकरणैच्या १,२४७ हेक्टर क्षेत्राला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या एप्रिलात उकिरड्याला लागलेली मोठी आग कित्येक दिवस धुमसत राहिली होती. साठलेला कचरा उकरून, चाळून, माती आणि जळण वेगळे काढण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि बरीच जमीन मोकळीही झाली. मोकळ्या झालेल्या जमिनीवर काय व्हावे याविषयी एकवाक्यता नाही. कोणाला तेथे उद्यान हवे आहे, कोणाला कचऱ्यापासून वीज. जी जमीन मुळात पाण्याची होती ती पाण्याला परत द्यावी, हा पर्याय सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत अवघड ठरतो, कारण पाण्याला मतदारसंघ नसतो आणि पुरम्बोक्कुला वारस.

२०२२ मध्येच चेन्नईच्या महानगर प्रदेशाची सीमा १,१८९ चौरस किलोमीटरांवरून ५,९०४ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. याचा अर्थ पेरुंगुडी आता कडेला राहिलेले नाही. कड कितीतरी पुढे सरकली आहे, आणि नव्या कडेवर आज भात पिकविणारी, एरीचे पाणी वापरणारी शेकडो गावे आहेत. त्या गावांची स्थिती आकड्यांत मांडणेही सध्या सोपे नाही. २०११ ची जनगणना त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, विलीनीकरण ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे त्या गणनेच्या मूळ तक्त्यांत चेन्नईची लोकसंख्या ४६ लाखांच्या वर दिसते, वाढलेल्या हद्दीचा हिशेब मागाहून करून ती ६७ लाखांवर जाते. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना झाली नाही. २०११ च्या त्या मूळ तक्त्यांत पेरुंगुडी ही कांचीपुरम जिल्ह्यातील एक स्वतंत्र नगर पंचायत म्हणूनच नोंदलेली आहे.